तक्त्यात नसलेले रकाने

मराठी विभाग म्हटला की पहिला पाऊस, मैत्री, आई आणि मेसची डाळ एवढेच चार विषय, असा आपल्या कॉलेजात एक समज आहे. टेक्निकल काही लिहायचं असेल तर इंग्रजी विभागात जा! का बुवा? प्रॅक्टिकलला आपण मराठीतच भांडतो, व्हायव्हाच्या आदल्या रात्री एकमेकांना मराठीतच समजावतो, मग छापताना लाज कसली? म्हणून यंदा संपादकांच्या मागे लागून हा विषय मी इथे आणलाय. बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी त्यांनी घेतली आहे. मतांची जबाबदारी मात्र माझी.

विषय आहे रेड कंट्रोलर कार्ड. 'रेड' शब्द वाचून लेडीज हॉस्टेलच्या मुलींनी केटल आणि इंडक्शन लपवायला धावू नये. ही रेक्टर मॅडमची रेड नव्हे! सर्व्हरमधल्या अनेक हार्ड डिस्क एकत्र बांधून त्यांची एक मोठी डिस्क करायची आणि त्यातली एखादी मेली तरी डेटा वाचवायचा, या युक्तीला रेड म्हणतात. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ही कल्पना एका पेपरात मांडली. त्यांच्या नावातला 'आय' होता इनएक्स्पेन्सिव्ह, म्हणजे स्वस्त. पुढे त्याचा इंडिपेंडंट झाला. स्वस्त डिस्कसाठी निघालेल्या युक्तीवर महागडी कार्डं विकायची असतील तर नाव बदलावंच लागणार, नाही का?

आता हे आत्ताच का? तर आपल्या विभागाच्या लॅबसाठी नवीन स्टोरेज सर्व्हर घ्यायचं चाललंय. तीन कोटेशन आली आहेत, तिन्हींत वेगवेगळं रेड कार्ड आहे आणि नियमाप्रमाणे त्यांचा कम्पॅरेटिव्ह तयार झालाय. लॅबमध्ये पडीक असल्यामुळे तो तक्ता मला बघायला मिळाला. रकाने असे: कंपनी, मॉडेल, पोर्ट किती, कॅश मेमरी किती, जास्तीत जास्त स्पीड, वॉरंटी, दर. माझं म्हणणं साधं आहे. हा तक्ता चांगल्या दिवसाचा आहे, आणि रेड कार्ड आपण घेतो ते वाईट दिवसासाठी. त्यामुळे त्यातले निम्मे रकाने बिनकामाचे आहेत आणि ज्यांच्यावर आपले बीई प्रोजेक्ट तरणार की बुडणार हे ठरतं, ते रकाने त्यात नाहीतच.

आधी थोडं गणित. घाबरू नका, मेसच्या वहीएवढंच आहे. समजा वहीत चार मित्रांचे आकडे लिहिलेत आणि खाली बेरीज. एकाचा आकडा चहा सांडून पुसला गेला तर? बेरजेतून बाकी तिघांचे वजा करा, आकडा परत मिळाला. रेड-५ म्हणजे हेच, फक्त बेरजेऐवजी एक्सॉर करतात आणि त्याला पॅरिटी म्हणतात. आता त्या वहीत एकाचाच आकडा बदलायचाय. काय काय करावं लागेल? जुना आकडा वाचा, जुनी बेरीज वाचा, नवा आकडा लिहा, नवी बेरीज लिहा. एका बदलाला चार कामं! रेड-५ ला प्रत्येक छोट्या राइटमागे हेच चार हेलपाटे पडतात. रेड-६ मध्ये दोन पॅरिटी, म्हणून सहा. रेड-१० मध्ये सरळ दोन प्रती, म्हणून दोनच.

७२०० आरपीएमची डिस्क मिनिटाला ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या मारते. अर्धी फेरी सुमारे ४.२ मिलिसेकंद, हेड सरकायला आणखी आठ-नऊ. म्हणजे इकडे-तिकडे विखुरलेली कामं एक डिस्क सेकंदाला सुमारे ७५ करते. आठ डिस्कची झाली ६००. आता भागाकार करा: रेड-१० ला ३०० राइट, रेड-५ ला १५०, रेड-६ ला १००. प्रत्येक राइट ४ केबीचा धरला तर रेड-५ वर सेकंदाला फक्त ६०० केबी! आणि त्याच आठ डिस्कवर एकच मोठी फाइल ओळीने लिहिली तर? डिस्कला १५० एमबी धरा, सात डिस्कचे १०५० एमबी. एकाच सर्व्हरचे हे दोन आकडे. ब्रोशरवर कुठला छापतात ते सांगायला नकोच.

गंमत पुढेच आहे. हे दोन्ही आकडे डिस्कचे आहेत, कार्डाचे नाहीत. उदाहरण म्हणून एकाच घराण्यातली तीन कार्डं घेऊ. मेगारेड ९२६०-८आय मध्ये ५१२ एमबी कॅश आणि पीसीआय एक्स्प्रेस २.०. नंतरच्या ९३६१-८आय मध्ये १ जीबी आणि ३.०. त्यानंतरच्या ९५६०-८आय मध्ये ४ जीबी आणि ४.०. आठ लेनवर पहिल्याला सेकंदाला सुमारे ४ जीबीचा रस्ता आहे, दुसऱ्याला सुमारे ८, तिसऱ्याला सुमारे १६. आणि आपल्या आठ डिस्क मिळून ओततात किती? सव्वा जीबीच्या आतबाहेर! सर्वांत जुन्या कार्डाचा रस्ताही निम्मा रिकामा. एनव्हीएमई एसएसडी लावणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे एकच एसएसडी सात जीबीपर्यंत जाते आणि कार्डच अडसर ठरू शकतं. पण आपल्या कोटेशनात साध्या फिरत्या डिस्क आहेत. त्यांच्यासाठी 'जास्तीत जास्त स्पीड' हा रकाना म्हणजे घाटातल्या एसटीचा टॉप स्पीड विचारण्यासारखं आहे.

मग कार्डाचा काहीच उपयोग नाही? आहे, आणि तोही चांगलाच आहे. तो आहे कॅश मेमरीत (पैशांची नव्हे!). डेटाबेसचं उदाहरण घ्या. 'एंट्री झाली' असं म्हणायच्या आधी ती खरोखर डिस्कवर गेली की नाही याची तो खात्री करतो. एका मागून एक एंट्री करणाऱ्याला डिस्कच्या प्रत्येक फेरीला साधारण एकच संधी, म्हणजे सेकंदाला १२० च्या आसपास. कार्डात राइट-बॅक कॅश असेल तर कार्ड स्वतःच्या मेमरीत लिहून घेतं, 'झालं' म्हणून सांगतं आणि डिस्कवर सावकाश, नीट ओळीत लावून उतरवतं. मग तोच आकडा हजारांत जातो. कार्डांच्या तुलनेत जो मोठा फरक दिसतो तो बहुतेक वेळा इथला असतो.

पण लाइट गेली तर? 'झालं' म्हणून सांगितलेलं सगळं त्या मेमरीतच हवेत! म्हणून चांगल्या कार्डाला बॅटरी असते, किंवा नव्या कार्डांना सुपर कपॅसिटर आणि फ्लॅश, म्हणजे लाइट जाताच मेमरीतलं सगळं फ्लॅशमध्ये उतरतं. बॅटरी खराब झाली की शहाणं कार्ड आपोआप राइट-थ्रू वर येतं, म्हणजे डिस्कवर लिहिल्याशिवाय 'झालं' म्हणत नाही, आणि वेग धाडकन खाली येतो. काही बॅटऱ्या तर अधूनमधून स्वतःला तपासायला डिस्चार्ज होतात, तेवढा वेळही हेच. आणि सेटिंगमध्ये जाऊन 'बॅटरी नसली तरी राइट-बॅकच ठेव' असंही सांगता येतं. डेमोच्या दिवशी हे सेटिंग काय होतं, हे तक्त्यात कुठे लिहिलंय? दोन कार्डांपैकी एकाची बॅटरी कोटेशनात आहे आणि दुसऱ्याची 'ऑप्शनल' आहे, मग ती तुलना कसली?

यूपीएस आहे की, असं कुणी म्हणेल. यूपीएस बाहेरची लाइट गेली तर धावून येतो. सर्व्हरचा पॉवर सप्लायच जळाला तर तो काय करणार? आणि आपल्या लॅबचा यूपीएस किती मिनिटं तग धरतो हे ज्यांनी पावसाळ्यात प्रॅक्टिकल दिलंय त्यांना विचारा.

आता वाईट दिवसाकडे येऊ. एक डिस्क मेली. चालतंय, रेड आहे! पण मेलेल्या डिस्कवरचा एक तुकडा वाचायला उरलेल्या सातही डिस्क वाचाव्या लागतात. नवी डिस्क लावली की रिबिल्ड सुरू होतो. ४ टीबीची डिस्क १५० एमबीच्या वेगाने अखंड लिहिली तरी सुमारे साडेसात तास, आणि हे सर्व्हरला दुसरं काही काम नसताना. सबमिशनच्या आठवड्यात अख्खा विभाग त्याच्यावर तुटून पडलेला असतो. मेगारेडसारख्या कार्डांत रिबिल्डचा वाटा आधीपासून ३० टक्क्यांवर ठेवलेला असतो. तो वाढवला तर लोक ओरडतात, तसाच ठेवला तर रिबिल्ड लांबतो. आणि लांबलेल्या रिबिल्डमध्ये रेड-५ ची दुसरी डिस्क गेली की खेळ खलास.

दुसरी डिस्क कशाला जाईल लगेच, असं वाटतं ना? २००७ मध्ये बिआंका श्रोडर आणि गार्थ गिब्सन (हो, १९८८ च्या पेपरातलेच गिब्सन!) यांनी प्रत्यक्ष वापरातल्या सुमारे एक लाख डिस्कचा अभ्यास छापला. कंपन्यांच्या कागदांवरून वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क बिघडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात बदलाव्या लागल्या त्या सर्रास २ ते ४ टक्के, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. शिवाय एक डिस्क बदलल्यावर दुसरी बदलावी लागणं हे निव्वळ योगायोगापेक्षा जास्त वेळा घडतं, हेही त्यांना दिसलं. एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच उकाड्यात चाललेल्या डिस्क त्या! त्या सुट्ट्या सुट्ट्या नशिबाने मरतील हे गृहीत धरणंच चुकीचं.

आणि कार्डच मेलं तर? मी एफईला असताना आपल्याच लॅबमध्ये हे झालंय. बीईच्या एका ग्रुपने द्राक्षाच्या पानांवरचे रोग ओळखायचा प्रोजेक्ट घेतला होता. तीन महिने बागांमधून फिरून काढलेले फोटो जुन्या सर्व्हरवर होते. एप्रिलच्या उकाड्यात सर्व्हरचं रेड कार्ड गेलं. डिस्क सगळ्या ठणठणीत! पण डेटा त्यांच्यावर कसा वाटून ठेवलाय ही नोंद फक्त त्याच जातीच्या कार्डाला वाचता येत होती, आणि ते मॉडेल केव्हाच बंद झालेलं. लॅबच्या काकांनी फोनाफोनी केली, मग एक रविवार घालवून लॅमिंग्टन रोड पालथा घातला. तीन आठवड्यांनी जुनं कार्ड मिळालं, डेटा जसाच्या तसा परत आला. पण तोवर सबमिशन होऊन गेलं होतं. त्या ग्रुपने नेटवरचे फोटो घेऊन प्रोजेक्ट दाखवला आणि 'फील्ड वर्क कुठे आहे?' या एक्स्टर्नलच्या प्रश्नावर खाली मान घालून उभे राहिले. त्या कार्डाचा स्पीड काय होता हे आज कुणाला आठवत नाही.

हा काही आपल्याच नशिबाचा भाग नाही. या धंद्यातल्या कंपन्यांची आडनावं किती वेळा बदलली बघा. थ्रीवेअर २००९ मध्ये एलएसआयने घेतली, एलएसआय २०१४ मध्ये अ‍ॅव्हागोने घेतली, अ‍ॅव्हागोने २०१६ मध्ये ब्रॉडकॉम विकत घेऊन तिचंच नाव लावलं. अ‍ॅडाप्टेकचा कार्डांचा धंदा २०१० मध्ये पीएमसी-सिएराकडे, तिथून २०१६ मध्ये मायक्रोसेमीकडे आणि २०१८ मध्ये मायक्रोचिपकडे गेला. कॉलेजातला सर्व्हर मात्र दहा-दहा वर्षं चालतो, आपण तो चालवतोच! तेव्हा तीन वर्षांच्या वॉरंटीपेक्षा 'सातव्या वर्षी हे कार्ड गेलं तर डिस्क कोण वाचणार?' हा प्रश्न मोठा आहे.

म्हणून मला वाटतं, तक्त्यात एक चौथी ओळ हवी, आणि ती म्हणजे रेड कार्डच नको! डिस्क नुसत्या जोडणारं साधं कार्ड घ्या आणि रेड लिनक्सला सांभाळू द्या. एकेकाळी पॅरिटीचं गणित प्रोसेसरला जड जायचं, म्हणून वेगळं कार्ड लागायचं. आज? लिनक्समधला रेड-६ चा भाग लोड होताना गणिताच्या वेगवेगळ्या पद्धतींची स्वतःच शर्यत लावतो आणि सेकंदाला किती एमबी झाले ते लॉगमध्ये लिहितो. लॅबमधल्या साध्या पीसीवर बघा, आकडा कित्येक हजारांत असेल. आठ डिस्कचे १२०० एमबी त्याच्यापुढे काहीच नाहीत. आणि मदरबोर्ड जळाला तर डिस्क काढून लिनक्स असलेल्या दुसऱ्या कुठल्याही मशीनला लावा, एमडीएडीएम त्या ओळखतो. लॅमिंग्टन रोडची फेरी वाचली. सनने २००५ मध्ये खुलं केलेलं झेडएफएस तर प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ठेवतं, त्यामुळे डिस्कने गुपचूप चुकीचं काही दिलं तर ते पकडलं जातं. नेहमीचं रेड-५ कार्ड वाचताना पॅरिटी तपासत बसत नाही.

उगाच एकतर्फी बोलायला नको. सॉफ्टवेअर रेडला बॅटरीवाली कॅश नसते, त्यामुळे छोट्या-छोट्या राइटचा मारा असेल तिथे चांगलं कार्ड त्याला मागे टाकतं, किंवा मग वेगळ्या चांगल्या एसएसडीचा खर्च करावा लागतो. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयमध्ये सॉफ्टवेअर रेड नाही, तिथे कार्डाला पर्याय नाही. आणि लिनक्स कळणारं कुणीतरी लागतं. पण कार्डालाही कळणारं कुणीतरी लागतंच की! डिस्क मेली की कार्ड टीं-टीं करून ओरडतं. आपल्याकडे तो आवाज त्रास देतो म्हणून आधी बंद करतात आणि मग विसरतात. डिस्क मेल्याचा मेल एका माणसाच्या नाही, चार जणांच्या इनबॉक्समध्ये गेला पाहिजे, आणि त्यातले दोन तरी मे महिन्यात पास होऊन जाणारे नसावेत.

सरांशी बोलले तेव्हा त्यांनी एक रास्त मुद्दा काढला. ऑडिटला आकडे लागतात. 'वाईट दिवस' हा काही आकडा नाही. एकदम मान्य! पण हे सगळे आकडेच आहेत सर. कम्पॅरेटिव्हमध्ये एवढे रकाने घाला:

१) आठ डिस्कच्या रेड-६ वर ४ केबी विखुरलेले राइट सेकंदाला किती? राइट-बॅक आणि राइट-थ्रू, दोन्ही आकडे.

२) एक डिस्क काढून घेतल्यावर तेच आकडे किती?

३) चालू कामाच्या गर्दीत रिबिल्डला किती तास?

४) बॅटरी किंवा कपॅसिटर दरात धरलाय का, आणि पाच वर्षांनी तो मिळेल का?

५) कार्ड मेलं तर डिस्क दुसऱ्या कशावर वाचता येतील?

चाचणी घेताना फाइल सर्व्हरच्या रॅमपेक्षा आणि कार्डाच्या कॅशपेक्षा कितीतरी मोठी घ्या, नाहीतर डिस्क सोडून मेमरीचाच वेग मोजला जातो. आणि दोन मिनिटं नाही, निदान तासभर चालवा. कॅश भरेपर्यंत सगळीच कार्डं शूर असतात. बिल पास करण्याआधी व्हेंडरच्या समोर एक डिस्क चालू सर्व्हरमधून काढा. तो नको म्हणाला तर उत्तर मिळालंच.

सहावा रकाना कुठल्याच कार्डाला भरता येणार नाही, तो आपल्यासाठी आहे: बॅकअप. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. रात्री दोनला झोपेत कुणी चुकीचा फोल्डर उडवला तर रेड तो सगळ्या डिस्कवरून अगदी इमानदारीत उडवतं! त्यामुळे दोन महागड्या कार्डांमधला फरक वाचवून त्यात बाहेर ठेवायच्या दोन मोठ्या डिस्क घेतल्या, तर मला ती खरेदी जास्त शहाणपणाची वाटते.

लॅबमधली आम्ही काही मुलं-मुली वरच्या पाचही चाचण्या करून द्यायला तयार आहोत. रविवारी येऊ, फक्त लॅबची किल्ली आणि व्हेंडरकडून आठवडाभरासाठी डेमो कार्ड मिळवून द्या. पुढच्या वर्षी आमचा बीईचा डेटा त्याच सर्व्हरवर असणार आहे, तेव्हा यात आमचा स्वार्थ आहेच, तो लपवत नाही. ऑर्डर अजून निघालेली नाही. निघायच्या आधी तेवढे पाच रकाने आखून घ्या, एवढीच सर-मॅडमना विनंती. आणि मित्रांनो, तोवर आपापल्या प्रोजेक्टची एक कॉपी पेनड्राइव्हवर नाही, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आजच!